अजून पाच मिनिटं!

२६ फेब्रुवारी, बुधवार

लेक बोलली! चार महिन्यांनी! म्हणजे तशी रोज बोलायची – "दार लावून घे", "पाणी गेलंय", "बाबांचा फोन येऊन गेला". पण आज समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आई, तुझ्याकडे एक काम आहे."

मला वाटलं, सुटले. जाते म्हणणार परत त्या लॅबच्या कोर्सला. दीड वर्ष शिकून सोडलेला. रक्त तपासायचं, रिपोर्ट द्यायचा, पुढे पक्की नोकरी – आणि ही म्हणे, मला फुटबॉल शिकवायचाय. खेळायचा असता तरी समजले असते, शिकवायचाय! त्या दिवशी मी जे बोलले ते इथे परत लिहीत नाही. तेव्हा लिहिलं होतं, मग खोडलं, मग पानच फाडलं.

तर काम असं. प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी तिला आठ मोठी माणसं हवीत, जन्मात चेंडूला पाय न लावलेली. सहा आठवडे, आठवड्याला तीन दिवस. शेवटी परीक्षक येऊन बघणार, ही कशी शिकवते ते.

"तुमच्या कारखान्यात आहेत ना बायका?"

"आहेत. गुडघे धरून जिना चढणाऱ्या!"

"तशाच हव्यात," म्हणाली. हसलीसुद्धा.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण चार महिन्यांनी हसली होती. हो म्हणून बसले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चहाच्या सुट्टीत विषय काढला. आमच्याकडे नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. इस्पितळांचे कोट शिवतो आम्ही, आणि जी जे शिवते ते तिचं नाव. मी बाह्या लावते, मी बाहीवाली. दोघी जावा आहेत, थोरली कॉलर करते, धाकटी खिसे. एक काजवाली. घड्या घालणाऱ्या दोघी, त्या जेवायला, हात धुवायला, सगळीकडे जोडीनेच. इस्त्रीवाल्या मावशी, सगळ्यांत वडील, अठ्ठावन्न. आणि एकटा पुरुष, कटिंगमास्तर.

आधी सगळ्या हसल्या. मग मावशी म्हणाल्या, "मी येते. दिवसभर उभीच तर असते, तिकडे उभी राहीन."

मावशी आल्या म्हटल्यावर काजवाली आली. घड्यावाल्यांपैकी एक हो म्हणाली, म्हणजे दोन आल्या. कटिंगमास्तर म्हणाले, ते शाळेत असताना खेळायचे, त्यांना शिकवायची गरज नाही, पण आमच्यावर लक्ष ठेवायला येतील.

राहिल्या जावा. एका घरात वर-खाली राहतात आणि तीन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. कारण काय ते थोरलीला विचारलं तर म्हणते धाकटीला विचारा, धाकटी म्हणते थोरलीला विचारा. थोरली म्हणाली, "ती येणार नसेल तर मी येते." तेच धाकटीही म्हणाली. मी दोघींना सांगितलं, दुसरी येणार नाहीये.

पाप लागेल. लागू दे.

३ मार्च, सोमवार

पहिला दिवस. सकाळी साडेसहा, कारखान्यामागची मोकळी जागा. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला बेकरीची. मध्ये थोडं गवत, बाकी माती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं आहे! चेंडू ठेवला की आपोआप बेकरीकडे निघतो.

जावांनी एकमेकींना पाहिलं, मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाच्या नाड्या बांधत बसले. बराच वेळ बांधल्या.

लेकीने नारिंगी शंकू मांडले. वीस मीटरवर एक रांग, समोर दुसरी. मोबाइलमधून बीप वाजणार, बीपच्या आत पलीकडे पोचायचं, पुढची बीप वाजायच्या आत परत. हळूहळू बीप जवळजवळ येत जातात. दम किती आहे ते मोजायची रीत. मावशी चार फेऱ्यांत बसल्या, "त्या यंत्राला घाई आहे, मला नाही," म्हणाल्या. मी अकरा. कटिंगमास्तर पंधरा, पण त्यानंतर त्यांना भिंतीला टेकवून ठेवावं लागलं. आमच्यावर लक्ष कोण ठेवणार!

आणि एक गोष्ट. मी दहाव्या फेरीत रेंगाळले तर लेक ओरडली, "तुम्ही थांबू नका! वळा, वळा!"

तुम्ही! एकवीस वर्षांची घोडी, बोलायला लागल्यापासून मला अगं-तुगं करते. मी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतेय. नंतर म्हणाली, मैदानावर सगळ्या सारख्या.

सारख्या तर सारख्या. पण कसंतरीच झालं. वाईट नाही. कसंतरीच.

४ मार्च

जिना उलटा उतरले. एकेक पायरी, कठड्याला धरून. हे खालून बघत होते. "मागे बघायचा आरसा लावून देऊ का?" म्हणे! गाडी शिकवण्याचं काम करतात, दुसरं काही सुचतच नाही.

१० मार्च, सोमवार

पास द्यायला शिकलो. पायाच्या पुढच्या टोकाने नाही, आतल्या बाजूने – टाचेच्या आणि अंगठ्याच्या मधली ती सपाट जागा. दुसरा पाय चेंडूच्या शेजारी, आपल्याला जिकडे द्यायचाय तिकडे तोंड करून. आणि मारायचं नाही, ढकलत न्यायचं.

मला हे पटकन जमलं. बाही लावताना कापड ओढलं की चुण्या पडतात, नुसतं सोबत न्यायचं असतं. तसंच. लेक म्हणाली, "हा पास बघा सगळ्यांनी." मी पुन्हा करून दाखवला तर चेंडू घड्यावालीच्या पोटात.

जमत नाही ते मान वर ठेवणं. "मान वर! चेंडू पायात आहे, पळून नाही जात! माणसं बघा!" सारखी ओरडत होती. तिला काय सांगू – आम्ही सगळ्यांनी पंचवीस-तीस वर्षं मान खाली घालून काढली आहेत. सुईवरची नजर हलली की बोट गेलं. मान वर केली की मालकीणबाई विचारतात, काय बघतेस?

आज थोडी वर केली. बेकरीच्या धुराड्यावर एक बगळा बसलेला दिसला. तेवढ्यात काजवालीने चेंडू नेला.

१२ मार्च, बुधवार

कटिंगमास्तरांनी शाळेतली लाथ दाखवली. चेंडू थेट भिंतीपलीकडे, बेकरीच्या आवारात. परत आला तो पांढराफटक, पिठात लोळून! बेकरीतल्या दोघी भिंतीवरून डोकावत होत्या. "तळून देऊ का?" एक म्हणाली.

दिवसभर सगळ्यांच्या उजव्या पायावर पीठ.

१४ मार्च, शुक्रवार

मी विचारलं, खरा सामना कधी? अकरा विरुद्ध अकरा, टीव्हीवर दिसतो तसा.

लेक म्हणाली, "मोठ्या मैदानावर तुमच्या पायाला चेंडू पाच-दहा मिनिटांतून एकदा लागेल. बाकी वेळ उभ्या. चारास चार, छोटं मैदान – मिनिटाला दोनदा लागतो. पळणंही होतं, शिकणंही होतं. आणि लपायला जागा नाही."

लपायला जागा नाही हे शंभर टक्के खरं. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं दम खाणं, असं चार वेळा. गोल म्हणजे दोन शंकू, मध्ये दोन पावलांची जागा, गोलकीपर नाही. तरी मावशी तिथेच जाऊन उभ्या राहतात. "मी आहे इथे," म्हणतात. लेकीने दोनदा बाहेर काढलं, परत तिथेच.

दम बरोबर लागलाय की नाही ते ओळखायचं असं – खेळताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. मावशी म्हणाल्या, "मला दोन्ही येत नाही." काजवालीने विचारलं, "आणि या दोघी जावांचं कसं कळणार? त्या बोलतच नाहीत!" सगळ्या हसल्या. त्या दोघीसुद्धा हसल्या, पण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून.

१९ मार्च, बुधवार

नव्याचे नऊ दिवस! आठव्याच दिवशी पाच जणी गैरहजर. आलो फक्त मी, मावशी आणि कटिंगमास्तर. कोटांची मोठी ऑर्डर आहे, सगळ्या थकल्यात, कबूल आहे. लेकीने काही तक्रार केली नाही, आम्हा तिघांना त्रिकोणात उभं करून पास शिकवला. पण वहीत हजेरी लिहिताना पाच नावांपुढच्या जागा तिने कोऱ्याच ठेवल्या. आठच्या खाली माणसं आठवडाभर राहिली की नाव रद्द, असा नियम आहे.

कामावर गेल्यावर मी भडकले. "माझ्या पोरीने एवढी मेहनत करायची आणि तुम्ही लोळत पडायचं!"

मशीनं थांबली. कॉलरवाली थोरली म्हणाली, "अगं, चेंडूने पोट भरत नाही, असं तूच सांगायचीस ना आम्हाला? दिवाळं काढलं पोरीने म्हणून रडलीस ती याच मशीनवर."

सबंध कारखान्याला माहीत आहे मी काय म्हणायचे ते. सगळ्यांना सांगितलं होतं मी. एक तिचीच बाजू कधी कोणाला सांगितली नव्हती.

म्हटलं, "हो. म्हणत होते. चुकत होते."

असं सगळ्यांसमोर बोलायची ही पहिलीच वेळ. हातातली बाही उलटी लागली, ती उसवली.

२१ मार्च, शुक्रवार

आठ. मोजून आठ.

२६ मार्च, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

थोरली आणि धाकटी एका बाजूला आल्या. आजवर लेक त्यांना मुद्दाम वेगळं ठेवायची की काय कोण जाणे, आज मुद्दाम एकत्र घातलं. वर नियम – गोल मारण्याआधी तीन पास झालेच पाहिजेत. धाकटीच्या पायात चेंडू, समोर थोरली मोकळी उभी. धाकटीने तिला सोडून सगळ्यांना पास दिला. मला दिला, मावशींना दिला, एकदा तर समोरच्या बाजूच्या कटिंगमास्तरांना दिला!

लेक गप्प. शिट्टी नाही, ओरडणं नाही. मला राहवेना, पण मीही गप्प.

मग धाकटी चेंडू घेऊन वळली आणि मागून काजवाली धावत आली. धाकटीला दिसलंच नाही. आणि थोरली ओरडली, "मागे बघ! मागे!"

धाकटी वळली. काजवालीला चुकवलं. चेंडू थेट थोरलीकडे. थोरलीने परत दिला. गोल!

तीन वर्षांनी पहिला शब्द – "मागे बघ". दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. धाकटी म्हणाली, "दिसली नव्हती मला ती." थोरली म्हणाली, "तुला कधी काय दिसतं?" म्हटलं, झालं, पेटलं पुन्हा! तर धाकटी खो खो हसत सुटली, आणि थोरलीही.

दुपारी जेवताना दोघींनी एका डब्यातली केळी खाल्ली. भांडण कशावरून होतं ते अजून कोणी सांगत नाही. मला वाटतं त्यांनाच आठवत नाही.

३१ मार्च, सोमवार

हे आज बघायला आले होते. कुंपणाला टेकून उंटावरून शेळ्या हाकत होते – "डावीकडे! डावीकडे घे! वळताना हात दाखव!" लेकीने येऊन सांगितलं, "बाबा, प्रेक्षकांनी बोलायचं नाही." गप्प बसले बिचारे.

घरी येताना म्हणाले, "शिकवते चांगली. आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काय माहिती आहे? समोरचा चुकत असताना आपले हात मांडीवर ठेवून बसणं. बावीस वर्षांत मला अजून पुरतं जमलं नाही. तिला जमतं."

हे तिला तोंडावर सांगा ना, म्हटलं. तर म्हणे, "तू सांग."

कोणीच सांगत नाही आमच्या घरात.

२ एप्रिल

मशीनच्या पॅडलवर पाय ठेवला तर पोटरी दगडासारखी! माझीच आहे का म्हणून दोनदा चाचपली.

७ एप्रिल, सोमवार

पुन्हा बीप. मी एकवीस! पाच आठवड्यांपूर्वी अकरा होते. धाकटी चोवीस, सगळ्यांत पुढे. कटिंगमास्तर बावीस आणि भिंतीला न टेकता. मावशी नऊ. नऊ फेऱ्या झाल्यावर त्या थांबल्या, कमरेवर हात ठेवले आणि त्या मोबाइलला म्हणाल्या, "आता कळलं का कोण आहे ते!"

लेकीने सगळे आकडे वहीत लिहिले. मावशींच्या नऊच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. मग तोंड फिरवून शंकू गोळा करायला गेली. शंकू तर आधीच गोळा झाले होते.

१० एप्रिल, गुरुवार

उद्या परीक्षा. जेवणाच्या टेबलावर तिने आराखडा मांडला. पन्नास मिनिटं, रकाने आखून – अंग तापवणं दहा, पास दहा, चारास चार पंधरा, गोलावर नेम दहा, शेवटी अंग सैल करणं पाच. मिनिटामिनिटाचं. ह्यांनी चहाचा कप त्यावर ठेवला तर दोघीही किंचाळलो. एकदम. एकाच सुरात.

११ एप्रिल, शुक्रवार

दोन परीक्षक आले. एक बाई, हातात पाटी आणि कागद. एक गृहस्थ, गळ्यात स्टॉपवॉच. आम्ही आठही जणी – म्हणजे सात आणि कटिंगमास्तर – केस विंचरून, बूट पुसून उभे. मावशींनी सगळ्यांच्या टी-शर्टना इस्त्री केली होती. फुटबॉल खेळायला कडक इस्त्री!

सुरुवात छान झाली. पास छान झाले. मग चारास चार. मी, मावशी आणि दोघी जावा एकीकडे.

काय झालं सांगता येणार नाही, पण सगळं जमायला लागलं. जे सहा आठवडे तुकड्यातुकड्यांत शिकलो ते एकत्र जोडलं गेलं. सुटे भाग लागत लागत एकदम कोट तयार व्हावा तसं. मी मान वर करून पळत होते! चेंडू पायाखाली आहे हे न बघता कळत होतं. धाकटीने मला दिला, मी थोरलीला, थोरलीने न थांबवता परत धाकटीला – गोल! मग त्यांनी केला. मग आम्ही. मग घड्यावालीने असा काही चेंडू अडवला की परीक्षक गृहस्थ "वा!" म्हणाले आणि मग बाईंकडे बघून गप्प झाले. आणि मग मावशी! मावशी त्या शंकूंमधली आपली जागा सोडून धावत पुढे आल्या. धावत! "दे गं, मला दे!" ओरडत. मी दिला. त्यांचा नेम थोडा चुकला, चेंडू शंकूला लागून बाहेर गेला. मावशी म्हणाल्या, "पुन्हा!"

तेवढ्यात लेकीने हात वर केला. पंधरा मिनिटं संपली होती.

आणि मी ओरडले – "अजून पाच मिनिटं!"

माझ्यामागून सगळ्या. "अजून पाच! अजून पाच!"

लेकीने घड्याळ बघितलं. परीक्षकांकडे बघितलं. मग आमच्याकडे. तिच्या तोंडात शिट्टी होती. ती तिने काढली आणि म्हणाली, "खेळा."

पाच कसले, पंधरा मिनिटं खेळलो. मावशींचा गोल झाला. सगळ्यांनी त्यांना मिठ्या मारल्या, इस्त्रीची वाट लागली. परीक्षक बाई लिहीत होत्या.

शेवटी आठवलं – गोलावर नेम राहिला. अंग सैल करणंही राहिलं. तिला कोणी विचारलं नाही. ती नुसती हसत होती.

१२ एप्रिल, शनिवार

काळजी वाटतेय. माझंच तोंड.

१६ एप्रिल, बुधवार

पत्र आलं. नापास.

'शिकणाऱ्यांचा सहभाग व प्रगती उत्कृष्ट. वेळेचे नियोजन अपुरे. आराखड्यातील दोन भाग घेतले नाहीत. पुनर्परीक्षा तीन महिन्यांनंतर.'

तिने वाचलं, घडी घातली, खोलीत गेली.

आधी चार महिने बोलले नाही, आणि बोलायला तोंड उघडलं ते हे करायला! परीक्षकांना पत्र लिहायला बसले – चूक माझी, मुलीची नाही. ह्यांनी कागद काढून घेतला. "तू गप्प बस आता," म्हणाले. रागाने नव्हे. पण बरोबर म्हणाले.

१८ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. "आज सराव नाही, सोमवारी बघू," एवढाच निरोप तिने सगळ्यांना पाठवला. मी चहा घेऊन आत गेले. पलंगाच्या कडेला बसले.

"मी ओरडले नसते तर तू पास झाली असतीस," म्हटलं.

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "तुम्ही ओरडलात म्हणून नाही."

तुम्ही! घरात! तिच्याही लक्षात आलं. दोघींना हसू आलं, मग माझ्या डोळ्यांत पाणी.

"आई, शिट्टी माझ्या तोंडात होती. वाजवता आली असती. मला थांबवायचं नव्हतं. मावशी पहिल्यांदा त्या शंकूतून बाहेर आल्या होत्या. त्यांना कसं सांगू, आता नेमाचा सराव?" मग कप हातात घेत, "पण चुकलंच माझं. वेळ सांभाळणं हे पण कामच आहे. त्यांनी बरोबर नापास केलं."

मग मी ते सांगितलं, जे कोणीच सांगत नाही आमच्या घरात. की ती चांगली शिकवते. की बाबा काय म्हणाले. की मी त्या दिवशी कोर्सवरून जे बोलले ते सगळं चूक होतं. पाठ करून गेले होते तरी अडखळले.

तिने चहा संपवला. कप माझ्या हातात देताना माझा हात जरा जास्त वेळ धरला.

२१ एप्रिल, सोमवार

लेकीला ताप. कणकण होती कालपासून, आज सकाळी अंग भाजत होतं. म्हणाली, "जाऊन सांग, आज नाही."

म्हटलं तरी कोण येणार? परीक्षा झाली, निकाल लागला, सहा आठवडे संपले. तरी गेले, सांगायला.

दहा जण उभे! आमचे सात, बेकरीतल्या दोघी – हाताला पीठ, पायात नवे बूट – आणि मालकीणबाई! मालकीणबाई म्हणाल्या, "खिडकीतून बघून कंटाळा आला."

मी सांगितलं, आज प्रशिक्षक आजारी आहेत. कोणी हललं नाही. मावशी म्हणाल्या, "तू आहेस ना?"

"मला कुठे येतं?"

"बाही कोणी शिकवली काजवालीला? तूच ना? मग चल, मांड ते शंकू."

मांडले. चुकत मांडले. आधी अंग तापवलं, मग पास. बेकरीवालीचा पाय टोकानेच लागत होता. माझी जीभ वळवळत होती, तिच्या पायाला हात लावून फिरवावा असं वाटत होतं. ह्यांचं आठवलं. हात मागे बांधले. तिसऱ्यांदा तिचं तिनेच पाऊल फिरवलं आणि चेंडू सरळ गेला – असा सरळ! तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं! एवढ्या वर्षांत मी शिवलेल्या एकाही कोटाने माझ्याकडे असं बघितलेलं नाही.

मग खेळ. माणसं दहा, मग पाचास पाच आणि मी बाहेर उभी. मालकीणबाई मान खाली घालून पळत होत्या. मी ओरडले, "मान वर! काय बघताय?" सगळा कारखाना हसला. त्याही हसल्या, धापा टाकत.

पंधरा मिनिटं झाली. सगळ्या ओरडल्या, "अजून पाच मिनिटं!"

मी शिट्टी वाजवली. नेमाचा सराव घेतला. अंग सैल करून घेतलं. मगच सोडलं.

घरी आले तर लेक पांघरूण घेऊन खिडकीत बसलेली. काय झालं ते सगळं विचारून घेतलं. शंकू किती अंतरावर? कोण कोणाच्या बाजूला? शेवटी म्हणाली, "शंकू फार लांब ठेवलेस." मग म्हणाली, "बाकी ठीक."

तिचं 'बाकी ठीक' काय असतं ते मला ठाऊक आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

लेकीचा ताप उतरला. पुनर्परीक्षेसाठी नाव द्यायला तिच्याबरोबर गेले, नव्या-जुन्या सगळ्यांना परवान्याचा एकच फॉर्म. भिंतीवरची सूचना तीनदा वाचली – वयाची वरची अट दिसली नाही. खिडकीपाशी तिने एक फॉर्म मागितला. मी म्हटलं, "दोन."

तिने वळून बघितलं. पेन पुढे केलं.

वय – एकोणपन्नास. व्यवसाय – शिवणकाम. 'शिकवण्याचा अनुभव' या रकान्याशी अडले.

"खरं ते लिही," ती म्हणाली.

लिहिलं – एक तास.